हिरव्या प्रथिनाचा प्रकल्प : सांगलीतल्या प्रयोगशाळेच्या नोंदी

८ जानेवारी

विषय आज कागदावर आला. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन, म्हणजे ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन. पुढच्या नोंदींत नुसतं जीएफपी लिहीन. सरांनी विषय मान्य केला, पण एक अट घातली. म्हणाले, "चमकतं हे सगळ्यांना माहीत आहे. का चमकतं ते तुमच्या हातानं दाखवा. पुस्तकातली चित्रं चिकटवून आणू नका."

अट पटली. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न असा लिहिला: या प्रथिनाच्या पोटात प्रकाश शोषणारा एक लहानसा भाग आहे, क्रोमोफोर. तेवढाच भाग वेगळा करून पाण्यात ठेवला तर तो जवळजवळ चमकतच नाही. मग चमक कुणाची?

हाताशी आहे ते: ई. कोलाय या जिवाणूचा प्रयोगशाळेतला निरुपद्रवी वाण, विभागाने मागवलेलं पीग्लो प्लास्मिड (जीएफपीचा जीन असलेलं डीएनएचं छोटं कडं), एक इनक्युबेटर, सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि यूव्ही टॉर्च. जोडीदार मैत्रीण मिरजेहून रोज येते. वेळेच्या बाबतीत ती माझ्याहून काटेकोर आहे, म्हणून वेळापत्रक तिच्याकडे आणि वही माझ्याकडे.

११ जानेवारी

दिवसभर वाचन. हे प्रथिन पहिल्यांदा शोधणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा, त्यांच्याबद्दल वाचताना वही बाजूला ठेवावीशी वाटली नाही.

१९६१ चा उन्हाळा. प्रिन्स्टनहून गाडीत सामान भरून शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला गेले. तिथल्या पाण्यात इक्वोरिया व्हिक्टोरिया ही जेलीफिश तेव्हा मुबलक होती. तिच्या छत्रीची फक्त कड उजळते. म्हणून जाळीने जेलीफिश धरायच्या, कात्रीने कडेची कंगणी कापायची, कापडातून पिळायची आणि त्या रसातून उजेड देणारा पदार्थ काढायचा, असा क्रम. पण रस पिळतानाच सगळा उजेड खर्ची पडायचा. हाती काही उरायचं नाही.

शिमोमुरांच्या डोक्यात आलं की उजेड देणारं बहुधा प्रथिन असेल, आणि प्रथिन असेल तर आम्लाने त्याला थोडा वेळ थांबवता येईल. पीएच ४ ला रस खरंच थंडावला. पुन्हा उदासीन केल्यावर मंद उजेड परतला. काम आटोपून त्यांनी तो रस बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळं झळाळून उठलं. मत्स्यालयातलं समुद्राचं पाणी त्याच बेसिनमध्ये येत होतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम हीच कळ होती. मग कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए वापरून त्यांनी तो पदार्थ न पेटवता काढला. सुमारे १०,००० जेलीफिशमधून हाती लागलं ते जेमतेम ५ मिलिग्रॅम. नाव ठेवलं इक्वोरिन.

आमचं प्रथिन या गोष्टीत कडेला उभं आहे. १९६२ च्या त्याच शोधनिबंधात शिमोमुरांनी नोंद केली की सोबत आणखी एक प्रथिन सापडलं, आणि ते अतिनील प्रकाशात हिरवं चमकतं. एवढंच. इक्वोरिन एकटं असेल तर निळा उजेड देतं, सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा. जेलीफिशच्या अंगात मात्र ती ऊर्जा शेजारचं जीएफपी घेतं आणि ५०८ च्या आसपास हिरवी करून देतं. मध्ये निळा उजेड बाहेर पडून पुन्हा शोषला जातो असंही नाही. ऊर्जा थेट एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाते.

आम्लाची युक्ती वहीत अधोरेखित करून ठेवली. ती आमच्याही कामाची आहे.

१५ जानेवारी

आज संगणकावर रचना उघडली. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहातली १ईएमए ही नोंद. १९९६ साली दोन गटांनी जीएफपीची स्फटिकरचना एकाच वर्षी प्रसिद्ध केली, त्यातली ही एक. फिरवून फिरवून पाहिली. खूप वेळ गेला, पण आजचा वेळ सत्कारणी लागला असं मनापासून वाटतं.

एकूण २३८ अमिनो आम्लांची साखळी, वजन सुमारे २७ किलोडाल्टन. अकरा बीटा पट्ट्या (साखळीचे ताणलेले भाग) उभ्या लागून एक बंद नळकांडं तयार होतं, बीटा बॅरल. उंची साधारण ४.२ नॅनोमीटर, व्यास २.४. दोन्ही तोंडांवर साखळीचे आखूड वळसे झाकणासारखे बसलेले. आणि बरोबर मध्यातून एक वळणदार हेलिक्स जाते. क्रोमोफोर त्या हेलिक्सवर आहे, बाहेरून कुठूनही हात लागणार नाही अशा जागी.

क्रोमोफोर घडतो कसा हे समजायला मला कागदावर अनेकदा काढून पाहावं लागलं. साखळीतली ६५, ६६ आणि ६७ ही तीन अमिनो आम्लं: सेरीन, टायरोसिन, ग्लायसिन. हेलिक्सला तिथे असा बाक येतो की ६७ व्या ग्लायसिनचा नायट्रोजन ६५ व्या सेरीनच्या कार्बनवर येऊन भिडतो. पाच अणूंचं कडं तयार होतं, पाण्याचा एक रेणू निघून जातो. मग हवेतला ऑक्सिजन टायरोसिनच्या मणक्यालगतच्या दोन कार्बनांमधून हायड्रोजन काढून घेतो, तिथे दुहेरी बंध होतो, आणि टायरोसिनचं कडं व नवं कडं एका सलग इलेक्ट्रॉन-मार्गाने जोडली जातात. तेवढं झालं की रंग आला. या व्यवहारात हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणूही सुटतो.

यात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट की बाहेरून कुणी काही आणून देत नाही. हिमोग्लोबिनला हीम लागतं, डोळ्यातल्या ऱ्होडोप्सिनला जीवनसत्त्व अ पासून बनलेलं रेटिनल लागतं. हे प्रथिन स्वतःच्याच साखळीतली तीन माणसं निवडून त्यांचा रंग बनवतं. ९६ वं आर्जिनिन आणि २२२ वं ग्लुटामेट या कामात मदत करतात, तीही त्याच साखळीतली.

६७ जागी ग्लायसिनच का, हे मॅडमनी विचारलं. ते सगळ्यांत लहान, बाजूची साखळी नसलेलं. इतका घट्ट बाक दुसऱ्या कुणाला जमणार नाही. १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला, साखळी कुठे किती वळू शकते ते दाखवणारा आलेख आम्ही दुसऱ्या वर्षी शिकलो होतो. त्यात ग्लायसिनला इतरांपेक्षा जास्त मोकळी जागा का असते ते आज पहिल्यांदा डोळ्यांनी कळलं.

१९ जानेवारी

प्लेटा ओतल्या. साध्या एलबी (जिवाणूंचं खाद्य), अँपिसिलिन हे प्रतिजैविक घातलेल्या, आणि अँपिसिलिनसोबत अरॅबिनोज साखर घातलेल्या. या प्लास्मिडमध्ये जीएफपीचा जीन अरॅबिनोज मिळाल्याशिवाय चालू होत नाही.

२० जानेवारी

ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे जिवाणूत प्लास्मिड घालणं. जिवाणू कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात, त्यात प्लास्मिड, बर्फ, मग ४२ अंशांवर ५० सेकंद, पुन्हा बर्फ. थोडा वेळ नुसत्या एलबीत आराम, मग प्लेटांवर पसरले. ३७ अंशांवर रात्रभर.

२१ जानेवारी

अँपिसिलिनच्या प्लेटवर वसाहती आल्या, टॉर्चखाली पांढऱ्याच. अरॅबिनोजच्या प्लेटवर त्याच वसाहती हिरव्यागार. दिवे बंद करून, गॉगल लावून पाहिलं. जोडीदारीण काही बोलली नाही, फक्त प्लेट माझ्या हातातून घेऊन बराच वेळ फिरवत राहिली. प्रशांत महासागरातल्या एका जिवाचा जीन कृष्णाकाठच्या प्रयोगशाळेत जिवाणूने वाचला आणि त्यातून तंतोतंत तेच प्रथिन घडवलं.

तंतोतंत म्हटलं, पण आमच्या वाणात तीन ठिकाणी बदल आहेत: ९९, १५३ आणि १६३. तिन्ही बॅरलच्या अंगावरचे. त्यांनी प्रथिनाचा तेलकटपणा कमी होतो, ते जिवाणूत गोळा होऊन बसत नाही आणि घडी नीट पडते. क्रोमोफोरची तीन अमिनो आम्लं मूळचीच आहेत, म्हणून तर अतिनील टॉर्चने ते पेटतं. मूळ जीएफपी ३९५ नॅनोमीटरला जास्त आणि ४७५ ला कमी शोषण करतं.

हे दोन आकडे का, याचंही उत्तर रचनेत आहे. टायरोसिनच्या टोकाला प्रोटॉन असेल तर ३९५, नसेल तर ४७५. प्रोटॉनवाल्या रूपाने प्रकाश शोषला की उत्तेजित अवस्थेत तो प्रोटॉन पाण्याच्या एका रेणूकडे, तिथून २०५ व्या सेरीनकडे, तिथून २२२ व्या ग्लुटामेटकडे निसटतो. म्हणून शोषलं जांभळ्याच्या पलीकडचं, तरी दिलं हिरवं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९९५ साली ६५ व्या सेरीनच्या जागी थ्रिओनिन घातलं, तेव्हा ३९५ चं शिखर गेलं आणि ४८९ च्या आसपास एकच मोठं शिखर आलं. आज पेशींत वापरलं जातं ते बहुतेक या वंशाचं.

२४ जानेवारी

अमेरिकी शास्त्रज्ञ डग्लस प्रॅशर यांच्याबद्दल वाचलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

जीएफपीचा जीन त्यांनी शोधून, वाचून १९९२ साली प्रसिद्ध केला. पुढच्या कामासाठी पैसा मिळाला नाही. तेव्हा त्यांनी तो जीन मार्टिन चाल्फी आणि त्सिएन यांना पाठवून दिला. चाल्फींच्या प्रयोगशाळेत तो ई. कोलायमध्ये आणि सी. एलेगन्स या चिमुकल्या कृमीत घातला गेला आणि १९९४ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही चमकले. तोवर अनेकांना वाटत होतं की क्रोमोफोर घडवायला जेलीफिशमधलं एखादं खास विकर (एन्झाइम) लागत असेल. तसं काही लागत नाही हे त्या प्रयोगाने ठरलं. म्हणूनच आमच्याही प्लेटा हिरव्या झाल्या.

२००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर तेव्हा अलाबामातल्या हंट्सव्हिलला एका मोटार विक्रेत्याकडे व्हॅन चालवत होते. त्या तिघांनी त्यांच्या कामाचा उल्लेख केला, चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्टॉकहोमला नेलं. तरीही मला वाटतं की प्रकल्पाच्या प्रस्तावनेत तीन नावं लिहून थांबणं बरोबर नाही. आमच्या अहवालात चौथं नाव त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत येईल. सरांनाही ते मान्य आहे.

२८ जानेवारी

ऑक्सिजनची परीक्षा सुरू. अरॅबिनोजच्या दोन प्लेटांवर एकच वाण पसरला. एक उघड्या इनक्युबेटरमध्ये, दुसरी ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पाकिटासह घट्ट झाकणाच्या जारमध्ये. ई. कोलाय दोन्हीकडे वाढतो, त्यामुळे प्रश्न फक्त चमकेचा.

३० जानेवारी

जारमधल्या वसाहती लहान, पण आहेत. जार उघडल्या उघडल्या टॉर्च मारला: निस्तेज पांढऱ्या. प्लेट टेबलावर झाकण किलकिलं करून ठेवली आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा कडेच्या वसाहतींवर हिरवी झाक होती. दुपारभर ती वाढत गेली, आणि संध्याकाळी दोन्ही प्लेटांत फरक शोधावा लागला.

म्हणजे प्रथिन आधीच बनून, घडी पडून तयार होतं. रंगाचा शेवटचा टाका घालायला ऑक्सिजन मिळाला नव्हता. आणि तो टाका पडायला तास लागतात, मिनिटं नव्हे. हा वेळ महत्त्वाचा आहे, पुढच्या प्रयोगात लागेल.

४ फेब्रुवारी

आजची नोंद हळदीची. प्रकल्पाबाहेरची वाटेल, पण नाही.

सांगलीत राहून चमकणाऱ्या रेणूवर काम करायचं आणि हळदीकडे पाहायचं नाही, हे मला जमलं नसतं. आमचे आण्णा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. नव्या हळदीचे सौदे सुरू झालेत, घरी येतात तेव्हा शर्टाच्या बाह्या पिवळ्या. त्यांच्याकडून राजापुरीची हळकुंडं मागून घेतली. दळलेली पूड मुद्दाम टाळली, कारण पुडीत मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेला असला तर आमचं निरीक्षण फुकट.

हळकुंड कुटून शुद्ध अल्कोहोलमध्ये भिजवलं, गाळलं. खोलीच्या उजेडात सोनेरी पिवळं, टॉर्चखाली हिरवट पिवळं लखलखीत. कर्क्युमिनची ही चमक बऱ्याच जणांनी शाळेत पाहिलेली असते. मग त्याच नळीत थेंब थेंब पाणी घालत गेलो. पिवळेपणा राहिला, चमक मात्र उतरत उतरत मलूल झाली. त्यात अल्ब्युमिन या प्रथिनाचं द्रावण घातलं तेव्हा चमक पुन्हा चढली. कर्क्युमिन अल्ब्युमिनच्या कोरड्या खोबणीत जाऊन बसतो. जोडीदारणीने साबणाचं पाणी सुचवलं होतं, पण साबण अल्कधर्मी. हळदीचे डाग धुताना लाल होतात तसं द्रावण लाल होऊन गेलं असतं.

म्हणजे रेणू तोच, नळी तीच, शेजार बदलला की चमक बदलते. सरांनी इथे लगेच सावध केलं, आणि ते योग्यच होतं: कर्क्युमिन पाण्यात मंदावतो त्याची कारणं आणि जीएफपीचा क्रोमोफोर उघड्यावर मंदावतो त्याची कारणं एक नाहीत. जीएफपीच्या क्रोमोफोरची दोन कडी एका बंधाभोवती वळू शकतात. मोकळं सोडलं तर प्रकाश शोषल्यावर ती वळतात, ऊर्जा त्या वळण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन जाते. बॅरलमध्ये ती चारी बाजूंनी आवळून धरलेली असतात, वळायला जागाच नाही, म्हणून ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडावं लागतं. शोषलेल्या दर १०० फोटॉनांपैकी जवळपास ८० हिरवे होऊन परत मिळतात. मोकळ्या क्रोमोफोरचा हिशेब हजारात एकही नाही.

रात्री जेवताना आण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझं ते पेवच की गं." सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत हळदीची पेवं आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद ओतून वरून बंद करतात. आत ओल जात नाही तोवर हळद वर्षानुवर्षं टिकते, वजन नि रंग सोडत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं तेव्हा कितीतरी पेवं गेली, ते आण्णा अजून विसरलेले नाहीत. "हळद तीच असती. पेव फुटलं की संपलं."

उपमा मला इतकी आवडली की अहवालात घालणार आहे. पण ती कुठे थांबते तेही लिहावं लागेल. पेवात हवा खेळती नसते. उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी हवा जाऊ देतात. बॅरलमध्ये मात्र ऑक्सिजनला एकदा तरी वाट काढून आत यावंच लागतं, नाहीतर रंग घडत नाही. आणि बॅरल आतून पूर्ण कोरडंही नाही. मोजके पाण्याचे रेणू ठरलेल्या जागी बसवलेले आहेत, प्रोटॉनची ने-आण त्यांच्याचमार्फत होते. बाहेरचं पाणी तेवढं आत येत नाही.

१० फेब्रुवारी

प्रथिन काढलं. रात्रभर वाढवलेले जिवाणू सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवले, लायसोझाइमने भिंती सैल केल्या, गोठवून वितळवून पेशी फोडल्या, पुन्हा फिरवलं. वरचं पाणी टॉर्चखाली हिरवं.

मग कॉलम, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली उभी नळी. अमोनियम सल्फेट भरपूर असताना प्रथिनांचे तेलकट भाग कॉलमच्या मण्यांना चिकटतात, मीठ कमी केलं की सुटतात. जीएफपी चिकटलं, धुण्यात बाकीचं बरंच वाहून गेलं, साध्या बफरवर हिरवा पट्टा हळूहळू खाली सरकला आणि नळीत उतरला. इतर प्रथिनं शुद्ध करताना ती कुठे पोहोचली ते कळत नाही. इथे टॉर्च मारला की दिसतं. शिकायला याच्याहून चांगलं प्रथिन नाही असं माझं ठाम मत झालं आहे.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

शुद्ध केलेलं प्रथिन लहान नळ्यांत वाटून घेतलं. पहिल्या नळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने. पीएच ४ च्या बराच खाली गेल्यावर टॉर्चखाली काही दिसेना. नळीत पाणी आहे का प्रथिन, सांगता येऊ नये इतकं. थोडं थांबून ट्रिस बफरने पीएच पुन्हा ८ च्या जवळ आणला. पहिल्या क्षणी काही नाही. मग एक पुसट हिरवी छटा, आणि पुढच्या काही मिनिटांत ती स्पष्ट झाली. मूळ नळीइतकी तेजस्वी नाही, पण शंका राहणार नाही इतकी.

या मिनिटांचा अर्थ ३० जानेवारीच्या नोंदीशेजारी ठेवून वाचायला हवा. तिथे रंग घडायला तास लागले होते, कारण ऑक्सिजनचं काम मंद आहे. इथे मिनिटांत परत आला. म्हणजे आम्लाने क्रोमोफोर मोडला नव्हता. तो अंधारात होता, पण शाबूत होता. मोडलं होतं ते बॅरल, आणि परत लागलं तेही बॅरल. रंग नव्याने घडवायची गरज पडली नाही.

हे नुसतं तर्काने म्हणून चालणार नाही, क्रोमोफोर खरंच नळीत होता का ते दाखवायला हवं. म्हणून दुसऱ्या नळीत सोडियम हायड्रॉक्साइड. तीव्र अल्कलीतही बॅरल उघडतं, चमक जाते. पण उघडलेला क्रोमोफोर अल्कलीत ४४७ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आलेख काढला आणि शिखर तिथेच आलं. नळी खिडकीपाशी धरली तर फिक्कट पिवळी. रंग आहे, शोषण आहे, चमक नाही.

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर त्या आलेखाच्या कागदावर आहे. प्रकाश घ्यायला क्रोमोफोर पुरेसा आहे. तो परत द्यायला मात्र अकरा पट्ट्यांची घडी लागते.

सरांनी आलेखावर सही केली आणि "आता हेच पुन्हा करून दाखवा" एवढंच म्हणाले.

१२ फेब्रुवारी

पुन्हा केलं. निकाल तोच.

१३ फेब्रुवारी

उष्णता. ६० अंशांच्या पाण्यात बराच वेळ ठेवूनही नळी हिरवी. उकळत्या पाण्यात चमक गेली, पांढुरका गाळ दिसू लागला, आणि नळी थंड झाल्यावरही ती परतली नाही. आम्लात सुटलेल्या साखळ्यांना परत घडी घालायला मोकळीक होती. उकळीत त्या एकमेकींत अडकून बसल्या असाव्यात.

ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर घातलेली नळी अजून हिरवी आहे. घट्ट बॅरलमध्ये विकराला धरायला सैल टोक सापडत नाही.

१८ फेब्रुवारी

जेल चालवली, म्हणजे विजेच्या ओढीने जेलमधून प्रथिनं सरकवली. एकच नमुना दोन रकान्यांत: एक एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळून, दुसरा न उकळता. वीज बंद केल्यावर जेल तशीच टॉर्चखाली धरली. न उकळलेल्या रकान्यात हिरवी रेघ, उकळलेल्यात काहीच नाही. मग कूमासी या प्रथिनांना निळं करणाऱ्या रंगाने रंगवली. आता दोन्हीकडे निळ्या पट्ट्या, उकळलेली २७ किलोडाल्टनच्या खुणेजवळ, न उकळलेली थोडी वेगळ्या जागी.

प्रथिन दोन्हीकडे आहे, चमक एकीकडे. अहवालाच्या मुखपृष्ठावर हाच फोटो घ्यायचा ठरलं. एसडीएससारख्या डिटर्जंटमध्येसुद्धा न उकळलेलं बॅरल टिकून राहतं, हे मी वाचलं होतं. पण जेलमधून ती रेघ हिरवी दिसताना पाहणं वेगळं.

२३ फेब्रुवारी

२८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून तो पाळतात. रामन यांचं काम प्रकाश आणि रेणूंच्या भेटीचंच, तेव्हा आमच्या टेबलाला तिथे हक्काची जागा आहे.

प्रतिकृती बांबूची करायची. बुरुडाकडून पातळ कामट्या आणल्या. अकरा उभ्या, मधून एक तार हेलिक्ससाठी, तारेवर दोन कडी. उंची ४२ सेंटिमीटर, रुंदी २४, म्हणजे बरोबर दहा कोटी पट. याच मापाने एक ई. कोलाय केला तर तो सुमारे २०० मीटर लांब होईल. अशा पेशीत ही बॅरलं हजारोंनी असतात.

कामट्या सरळ लावल्या होत्या, पण रचनेत पट्ट्या किंचित तिरक्या जातात. सोडून पुन्हा बांधल्या. तिरक्या बांधल्यावर ती आपोआप जास्त घट्ट झाली.

२८ फेब्रुवारी

गर्दी चांगली. शाळेतली मुलं टॉर्चभोवतीच जास्त. हळदीची नळी आणि जीएफपीची नळी शेजारी ठेवल्या होत्या. एका मुलीने विचारलं, "हे माणसाच्या अंगात घातलं तर?" तिला सांगितलं की माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांत ते रोजच घालतात. ज्या प्रथिनाचा माग काढायचा त्याच्या जीनला जीएफपीचा जीन जोडायचा, मग ते प्रथिन जिवंत पेशीत कुठे जातं ते हिरव्या ठिपक्यावरून दिसतं. पेशी मारून, रंगवून पाहायची गरज उरत नाही. बॅरल कापून त्याला कॅल्शियम ओळखणारा तुकडा जोडला की चेतापेशी चेतवली गेल्यावर उजळते, अशीही साधनं २००१ पासून आहेत. कॅल्शियमपासून निघालेली शिमोमुरांची गोष्ट अशी कॅल्शियमपाशी पोहोचली.

तिने बांबूच्या बॅरलमध्ये बोट घालून आतली तार हलवून पाहिली. हलली नाही.

४ मार्च

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा प्रश्न अवघड होता आणि मला तो फार आवडला: सेरीन, टायरोसिन, ग्लायसिन हा क्रम इतर कित्येक प्रथिनांतही सापडतो. ती हिरवी का होत नाहीत?

जोडीदारणीने प्रतिकृती पुढे ओढली आणि उत्तर दिलं. क्रम असून भागत नाही, ती तीन अमिनो आम्लं बाकात धरली जावी लागतात. आर्जिनिन ९६ आणि ग्लुटामेट २२२ योग्य अंतरावर यावे लागतात, आणि ते साखळीत कितीतरी दूर असून फक्त घडी पडल्यावर शेजारी येतात. मी पुढे जोडलं की घडीची दोन कामं आहेत: आधी ती क्रोमोफोर घडवते, मग त्याला जखडून चमकायला लावते. पहिलं काम एकदाच होतं, दुसरं जन्मभर चालतं. ३० जानेवारी आणि ११ फेब्रुवारीचे प्रयोग ही दोन कामं वेगवेगळी दाखवतात.

परीक्षकांनी जेलचा फोटो मागून घेतला. पुढे काय करणार असं विचारलं, तेव्हा २०३ व्या जागेचं सांगितलं: तिथल्या थ्रिओनिनच्या जागी टायरोसिन घातलं की ते क्रोमोफोरच्या कड्यावर समांतर येऊन बसतं आणि उजेड पिवळ्याकडे सरकतो. क्रोमोफोरला हात न लावता, नुसता शेजारी बदलून. तो वाण मिळाला तर पुढच्या वर्षीच्या गटाने आमच्याच नळ्यांशेजारी ठेवून पाहावा. मूळ वाणाचा ग्लिसरॉलमधला साठा फ्रीजरच्या दुसऱ्या कप्प्यात आहे. वापरलेल्या सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करून झाल्या.